आमची प्लास्टिकची चक्की

आपला मुलगा घरी परत यावा म्हणून लोक नवस बोलतात. मी प्लास्टिक भरडायचं मशीन घेतलं.

मुलाचं नाव गजानन, घरात गजू. बेंगळुरूच्या कंपनीत त्याला 'गॅझ' म्हणतात. (हे पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा माझी बायको मंगल सिलिंडर बघायला स्वयंपाकघरात पळाली होती.) तो तिकडं कॉम्प्युटरवर काम करतो. नेमकं काय करतो ते त्यानं मला दोनतीनदा नीट समजावून सांगितलंय. मी नांदेडच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला असल्यामुळे, काहीही न समजता मान कशी हलवायची हे मला विद्यार्थ्यांकडून चांगलं अवगत झालेलं आहे.

मी निवृत्त झालो आणि आमचं घर अचानक मोठं झालं. खोल्या तेवढ्याच, पण एका हाकेत सापडणारं माणूस चार हाका मारल्या तरी सापडेना. गजूच्या खोलीत त्याची शाळेतली सायकल उभी असते. मंगल तिच्या चाकात अधूनमधून हवा भरते.

"कोण चालवणार हाय ती?" मी विचारायचो.

"हवा बसली की टायर खराब होतंय," ती म्हणायची, आणि पंपावर असा जोर काढायची की बिचाऱ्या टायरची मलाच दया यायची.

गजूचा फोन रोज यायचा. "जेवलास?" "हो बाबा." "काय?" "डोसा." "बरं." एवढं बोलून आम्ही बापलेक दमायचो आणि फोन मंगलकडं जायचा. पण एका रविवारी कसा कोण जाणे, तो स्वतःहून म्हणाला, "तिकडं काहीतरी करण्यासारखं असतं ना बाबा, तर मी आलोच असतो. आता रिसायकलिंगच घ्या. त्यात लई स्कोप आहे."

लई! बेंगळुरूला गेल्यापासून पोरगा 'खूप' म्हणायला लागला होता. आज किती दिवसांनी 'लई' म्हणाला! रिसायकलिंग म्हणजे काय ते मी नंतर शोधलं. त्या एका 'लई'वर मी धंदा उभा करायचं ठरवून टाकलं.

भागीदार म्हणून माझा मेहुणा दत्ता चाकूरहून पिशवी घेऊनच आला. दत्ताला धंद्याचा दांडगा अनुभव. आधी त्यानं ससे पाळले होते, मग मशरूम लावले होते. सशांनी मशरूम खाल्ले आणि दोन्ही धंदे एकदमच बंद पडले.

"दाजी, प्लास्टिक म्हणजे सोनं हाय सोनं! रस्त्यावर पडून राहिलंय."

"मग आजवर तू का नाही उचललंस?"

"वाकलं की कंबर धरती," दत्ता म्हणाला. "म्हणून तर भागीदार पाहिजे ना!"

घरामागं पत्र्याचं शेड टाकलं. फाटकावर लावायला पाटी रंगवायला दिली. मी पेंटरला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, 'कदम अँड सन'. पाटी आली ती 'कदम अँड सण'! गल्लीतला जो तो विचारायचा, "सर, कोणता सण?" मी पाटी परत पाठवायला निघालो तर मंगलनं अडवलं.

"राहू द्या. लेकरू येईल तो सणच हाय."

पाटी राहिली.

मशीन सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका डोक्यावर डबा घेऊन हजर! "सर, ज्वारी जरा बारीक दळा हं. त्या मुख्य रस्त्यावरचा चक्कीवाला लई जाड काढतो." त्यांना परत पाठवता पाठवता माझा घसा बसला. तरी आमच्या धंद्याचं नाव 'सरांची चक्की' पडलं ते पडलंच.

माल मात्र येऊ लागला. फुटक्या बादल्या, तेलाचे कॅन, मोडकी खेळणी. दत्ताचा उत्साह तर असा की घरातली प्रत्येक वस्तू तो वर उचलून, उजेडात धरून, "आता हिचं काय राहिलंय?" म्हणायचा. मंगल आंघोळीची बादली कपाटात कुलपात ठेवू लागली. आंघोळीला जायचं तर आधी चावी मागावी लागे.

मी गजूला रोज फोनवर खबर द्यायचो.

"आज पोतं भरलं रे!"

"वा बाबा."

"शेडमध्ये तुझ्यासाठी टेबल ठेवलंय. खिडकीजवळ. कॉम्प्युटरला पॉइंट पण काढलाय."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बाबा, रेंज जातेय वाटतं." रेंज चांगली होती. त्याच्या खोलीतल्या पंख्याची घरघर मला ऐकू येत होती.

आता मुख्य घटना.

आमच्या शेजारी सोनटक्के राहतात. त्यांच्या रुपालीचा साखरपुडा ठरला. मुलगा लातूरचा, माणसं चांगली, आणि मांडव आमच्या शेडला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर. सकाळीच मंडपवाल्यानं टेम्पोतून पाठीवर पांढऱ्या रंगात मंडपाचं नाव छापलेल्या लाल खुर्च्या उतरवल्या, आमच्या शेडच्या भिंतीला टेकवून थप्प्या लावल्या आणि तो बाकीचं सामान आणायला गेला.

मी तेव्हा गच्चीवर होतो. गजूनं पहिल्यांदाच "शेड दाखवा बरं" म्हटलं होतं, त्यामुळे मी व्हिडिओ कॉलवर त्याला वरून सगळा कारखाना फिरवून फिरवून दाखवत होतो. खाली शेडच्या दाराशी, उघड्यावर मशीन धडधडत होतं.

"बाबा," गजू म्हणाला, "मागं ते मामा मशीनमध्ये काय टाकतायत? खुर्ची नवी दिसतेय."

"अरे, हल्ली लोक नव्या वस्तूसुद्धा टाकून देतात," मी त्याला समजावलं. "काळ बदललाय!"

खाली आलो तेव्हा दत्ता घामानं निथळत, प्रसन्न चेहऱ्यानं उभा होता. शेजारी कमरेइतका लालभडक ढीग.

"दाजी, आता आपलं नाव झालं बघा! माल आपल्या पायानं चालत आला!"

एवढ्यात मंडपवाला परतला. त्यानं भिंतीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "ओ सर, माझ्या खुर्च्या कुठं गेल्या?"

मी दत्ताकडं पाहिलं. दत्तानं ढिगाकडं पाहिलं.

"ह्या काय," दत्ता म्हणाला. माझा मेहुणा आळशी असेल, पण खोटारडा नाही. "जराशा बारीक झाल्यात."

सोनटक्के धोतर सावरत धावत आले. "सर! पावणे लातूरहून निघालेत! आता बसवू कशावर त्यांना?" गल्लीतल्या घराघरातून सतरंज्या गोळा केल्या. आमच्या पलंगावरची चादरसुद्धा गेली. पाहुणे आले, मांडी घालून बसले. वरपक्षाकडच्या एका जाडजूड आजोबांना खाली बसवायला चौघं लागले. 'आपल्याकडं जुनी पद्धत पाळतात' असं सोनटक्क्यांनी ठोकून दिलं, तेही लोकांना आवडलं. एकीकडं कार्यक्रम सुरू झाला, दुसरीकडं पंगत बसली आणि मी जरा श्वास सोडला.

माझ्या त्या श्वासाचाच वारा झाला की काय कोण जाणे!

वैशाखात भरदुपारी जमीन तापते, हवा वर उठते, गरगर फिरते आणि वाटेत दिसेल ते उचलते. हिला वावटळ म्हणतात. हे मी फळ्यावर बाण काढकाढून पिढ्या न् पिढ्या शिकवलं. ज्याला आलं नाही त्याला बाकावर उभं केलं. आणि त्या दिवशी मी स्वतः, भूगोलाचा शिक्षक, ढिगावर साधी ताडपत्री टाकली नव्हती!

वावटळ प्लॉटच्या कोपऱ्यातून उठली, आमच्या शेडपाशी आली, जरा थांबली (मला तरी थांबल्यासारखी वाटली) आणि सगळा ढीग उचलून मांडवात शिरली. खुर्च्या अखेर आपल्या जागी पोचल्या!

"अगं बाई, फुलं!" वरपक्षाच्या बायका हरखल्या. "लई हौशी हायेत की सोनटक्के!" फोटोवाला तर आनंदानं उड्या मारत फोटो काढत सुटला. रुपालीच्या डोक्यावर, नवऱ्या मुलाच्या खांद्यावर, भटजींच्या शेंडीवर, सगळीकडं लाल वर्षाव. सोनटक्के माझ्याकडं बघून कसनुसं हसले. मीही हसलो. वाटलं, निभावलं.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या मामानं मठ्ठ्याचा घोट घेतला. थांबला. तोंडात बोट घालून एक तुकडा काढला. त्यावर पांढऱ्या रंगात 'मंडप'मधला 'मं' होता.

"हे काय हाय?"

मग सगळेच बोलायला लागले. कुणी वरणात शोधलं, कुणाला भातात सापडलं. "लेकीकडच्यांनी प्लास्टिक खाऊ घातलं!" मामा ताडकन उठले. "चला रे, उठा सगळे!" ते जाडजूड आजोबाही उठायची खटपट करू लागले.

रुपाली पाटावर खाली मान घालून बसली होती. हातात साखरेचा पुडा, केसात लाल तुकडे, आणि डोळ्यातून टपटप पाणी. ती माझ्या वर्गात होती. नकाशात नद्या फार सुरेख काढायची. मला राहवेना. मी हात जोडून मध्ये जाऊन उभा राहिलो.

"चूक माझी हाय. सोनटक्क्यांचा ह्यात काही संबंध नाही. ह्या लेकराचा तर मुळीच नाही. मशीन माझं, ढीग माझा."

मुलाच्या वडिलांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सर, तुम्ही मास्तर माणूस. ह्या वयात हे उद्योग काहून करून राहिलात?"

"पर्यावरणाचा विचार केला तर," मी सुरुवात केली, "आज प्लास्टिक ही—"

"पर्यावरण न्हाई न् फिर्यावरण न्हाई!" मागून मंगलचा आवाज आला. ती पुढं आली, पदर खोचलेला. "आमचं लेकरू तिकडं बेंगळुरूला हाय. ते घरी यावं म्हणून चाललंय ह्यांचं हे सगळं. ते काही येत न्हाई. ह्यांना कळतंय, पण वळत न्हाई. तुम्ही ह्यांना काय बोलायचं ते बोला, पर पोरीला असं टाकून जाऊ नका."

माझी नजर वर होईना. इतक्या वर्षांत मंगलनं असं चारचौघांत सांगितलं नव्हतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं की, तुला काय वाटतं.

मुलाची आई अजून बसलेलीच होती. तिनं स्वतःच्या केसातून एक तुकडा काढला, तळहातावर ठेवला आणि बघत राहिली.

"आमचा थोरला कॅनडात हाय," ती हळूच म्हणाली. "आमच्या ह्यांनी त्याच्यासाठी दुकानाला दुसरं शटर बसवून घेतलं. अजून उघडलं न्हाई. गंज धरलाय त्याला." मुलाचे वडील मांडवाच्या कापडाकडं बघू लागले. मग ती बाई एकदम खळखळून हसली. "बसा हो सगळे! खुर्च्या न्हाईत म्हणून काय झालं? आपल्या डोक्यावरच तर हायेत!"

हशा झाला. मामासुद्धा हसले. (एका हातात तो 'मं' धरूनच.) नवीन मठ्ठा घुसळला गेला आणि साखरपुडा पार पडला.

मंडपवाल्याची भरपाई केली. दत्ताला चाकूरच्या शेतात अचानक तातडीचं काम निघालं. (शेत त्यानं बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे.) आणि कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत बेंगळुरूला पोचला.

गजूचा फोन आला. तो हसत होता. आधी नाकातून, मग पोटातून. लहानपणी पोहायला शिकवताना मीच विहिरीत पडलो होतो तेव्हा हसला होता तसा. मीही हसायला लागलो. मग तिकडचं हसणं थांबलं.

"बाबा, आई बोलली ते पण आलंय त्यात."

"बरं."

"जेवलात का?" आज त्यानंच विचारलं.

"हो."

"काय?"

"मठ्ठा."

गजू रजा टाकून आला. आम्ही बापलेक झाडू घेऊन गल्लीभर फिरलो. गटारीतून, कुंड्यांतून, कूलरच्या जाळीतून, लिंबाच्या फांद्यांतून तुकडे वेचले. रोज शोधावं तर रोज सापडायचे. मी काही ठिकाणं मुद्दाम उद्यावर ढकलत होतो, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तोही म्हणायचा, "राहू द्या बाबा, ते उद्या."

एका संध्याकाळी गच्चीवर बसलो होतो.

"मी तेव्हा असंच बोललो होतो बाबा," तो म्हणाला. "काहीतरी असतं तर आलो असतो, ते."

"मला माहीत होतं."

"मग मशीन कशाला घेतलंत?"

"अरे, नुसती वाट बघत बसवत नाही. हाताला काहीतरी काम लागतं."

तो सरकून जवळ बसला, एवढंच. खाली मंगल भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता.

मशीन एका खऱ्या धंदेवाल्याला देऊन टाकलं. मग गजूची जायची वेळ झाली. ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर मंगलनं त्याच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबली, वरून धपाटे कोंबले, आणि चेन लागेना म्हणून त्याचा एक शर्ट बाहेर काढून मला दिला. गजू वाकून पाया पडला तेव्हा दिसलं, त्याच्या कानामागं केसात एक लाल तुकडा अडकला होता. काढायला मी हात पुढं केला, आणि तसाच त्याच्या डोक्यावरून फिरवून मागं घेतला.

गाडी सुटली. वळणापर्यंत आम्ही दोघं हात हलवत राहिलो. गाडीच्या काचा काळ्या असल्यामुळे आम्ही नेमका कुणाला हात करत होतो ते देव जाणे.

"काय बघून राहिलात?" मंगलनं डोळे पुसत विचारलं.

"माल गेला," मी म्हणालो. आमच्या कंपनीचा तेवढा एकच माल परराज्यात गेला, आणि तोही मालकाच्या पोरानं फुकट नेला!