बर्फघरातला कांदा

ताईला बघायला मुलाकडचे घरी येणार नव्हते. मुलगा लोणारचाच, पण नोकरीला पुण्यात. त्याच्या मामांनी फर्मान काढलं, भेट बुलढाण्याजवळच्या नव्या पार्कात, 'बर्फाळ प्रदेशा'त होईल. मे महिन्यात! आमच्या बीबी गावापासून एसटीत भाजून निघायचं आणि तिथं जाऊन गारठायचं.

आधीची दोन स्थळं ताईचं बोलणं ऐकून परतली होती. गावंढळ वाटतं म्हणे. म्हणून आईनं आठवडाभर घोकून घेतलं, "शुद्ध बोल, नाही तं गप बस." निघताना तिनं दर उन्हाळ्यासारखा प्रत्येकाला एकेक कांदा दिला, ऊन लागू नये म्हणून. माझा खिशात, ताईचा पर्समध्ये.

तो बर्फाळ प्रदेश पत्र्याच्या शेडमध्ये निघाला. थर्माकोलचे डोंगर, आणि सिमेंटचं पांढरं अस्वल, ज्याच्या पोटावर कुणीतरी बदाम कोरून प्रेम जाहीर केलेलं. पेंग्विनच्या जागी आपली गावठी बदकं. जाळीमागे ससे कोथिंबीर खात ध्रुवीय जीवन जगत होते. गारव्याला दोन कूलर, पण जाड कोट सगळ्यांना सक्तीचा. "थंडी बाधते," दारावरचा माणूस घाम पुसत म्हणाला.

"आपले छंद काय आहेत?" मुलानं विचारलं. ताई गप्प. अस्सा राग आला मला त्या छंदांचा! घरात कुणाला बोलू न देणारी माझी ताई त्या अस्वलाशेजारी अस्वलासारखीच उभी. मामांनी घड्याळ पाहिलं. गेलं हेही स्थळ, मी मनात म्हटलं.

घाम पुसायला मुलानं खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर कांदा बाहेर पडला. गडगडत थेट बदकांत. बदकांनी शेड डोक्यावर घेतलं.

"मायनं ठेवला... ऊन लागते म्हनून," मुलगा पुटपुटला. पुणं गेलं कुठल्या कुठं! त्याची आई एकदम सशांकडे बघायला लागली.

ताईनं पर्स उघडून आपला कांदा त्याच्या हातावर ठेवला. "घ्या. जातानी ऊन हायेच. पन एक सांगा, पुन्यात मले असंच बोलू देसान का?"

आमच्या आईनं डोळेच मिटले.

"हाव," तो म्हणाला. "मलेही तिथं कोनी पाह्यजे ना बोलाले."

परतीच्या एसटीत ताई बीबी येईपर्यंत बोलत होती. आईनं एकदाही टोकलं नाही.