आयतं

संस्थान विलीन झालं, त्या सुमाराला मी जव्हारला शिक्षक होतो. पोशेऱ्याचा एक गाडीवान बाजाराला आला की माझ्याकडे चहाला थांबायचा; पण आधी लाकडं फोडून द्यायचा. न कमावलेल्या गोष्टीला त्याचा एकच शब्द होता, ‘आयतं’. कुणी उगाच कौतुक केलं तरी म्हणायचा, “ही शाबासकी आयती हाय, परत घ्या.”

एकदा मी त्याच्या घरी गेलो. चुलीवर नागलीची भाकरी फुगत होती. मी जेवायला बसणार, तोच त्याने माझ्या हाती मुसळ दिलं.

“गुरजी, आयतं पचत नाय!”

मी जोर लावून भात कांडू लागलो. निम्मा उखळाबाहेर उडाला. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसू लागली.

“कोंबड्यांना मात्र आयतं मिळालं,” तो गंभीरपणे म्हणाला आणि त्याने मला सगळ्यांत मोठी भाकरी वाढली.