आमचं ऐकणाऱ्या शकुताई

शकुताई माझ्या हातातली पेशंटची फाईल घ्यायच्या आणि सरळ तिच्यावर बसायच्या. "हं, आता बोल. कागद वाचायला मलाही येतात. तुझं काय चाललंय?"

बनारसच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात आम्ही समुपदेशक. पेशंट आणि त्यांच्या घरचे आमच्यापाशी मन मोकळं करायचे, आणि आम्ही दर गुरुवारी शकुताईंपाशी. याला सुपरव्हिजन म्हणतात. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीपायी इथे आलेली. वरिष्ठ म्हणजे चुका काढणार, एवढंच माझ्या डोक्यात. म्हणून सगळं पाठ करून जायची. ताई रामघाटच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. त्यांच्या मराठीत हिंदी सर्रास यायची. "भाषण नको गं. सीधी बात सांग."

एका गुरुवारी मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "ताई, आता मी तयार झाले. काल एक बाई नवरा गेला म्हणून माझ्यासमोर हंबरडा फोडत होती आणि माझ्या मनात चाललेलं, आज भाजी पालकाची करू की मेथीची. काही वाटतच नाही आता!"

मला वाटलं, शाबासकी मिळणार. ताईंचा चेहराच उतरला. "कधीपासून वाटत नाही?"

त्यांनी एवढंच विचारलं आणि मला रडू कोसळलं. राजीनामा देणार आहे, शाळेत नोकरी बघितलीय, सगळं सांगून टाकलं.

"खुशाल दे राजीनामा," ताई म्हणाल्या. "पण काम आवडत नाही म्हणून सोडतेस की दमलीस म्हणून, ते आज तुला कळायचं नाही. पहिले घरी जाऊन झोप." मग मला घेऊन तडक मोठ्या डॉक्टरांकडे. "ये लडकी हफ्ताभर नहीं आएगी. आने के बाद भी आधे ही मरीज देखेगी. नहीं तो मैं भी घर बैठती हूँ, बताइए!" डॉक्टर बिचारे हो म्हणाले.

सुट्टीनंतर एका पेशंटच्या आईचं ऐकताना माझे डोळे भरून आले. मी धावतच ताईंकडे गेले. आनंद कसला, तर रडू आलं याचा! ताई खळखळून हसल्या. "चला, आलीस ठिकाणावर!" राजीनाम्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

पुढे ताई आजारी पडल्या. भेटायला गेलं तरी माझीच चौकशी करायच्या. एकदा म्हणाल्या, "मी गेल्यावर दुसरं कुणी शोध हं. हे काम एकटीनं करायचं नाही."

मी चिडले. "असलं अभद्र बोलू नका."

"अगं, मीसुद्धा इतकी वर्षं माझ्या बाईंकडे मन मोकळं करायला जायचेच की. मी काय पत्थर आहे?"

ताई गेल्या. मी कुणालाही शोधलं नाही. मला त्याच हव्या होत्या, दुसरं कुणी नको होतं. पेशंट बघत राहिले, नव्या समुपदेशक मुलींचं ऐकत राहिले, आणि घरी येऊन भांडी आपटत राहिले. शेवटी नवराच म्हणाला, "ताईंनी काय सांगितलं होतं तुला? जा ना कुणाकडे तरी."

म्हणून विद्यापीठातल्या एका ज्येष्ठ बाईंकडे गेले. स्वभावानं फार शांत बाई. कुठल्या पेशंटविषयी बोलायचं ते मनाशी ठरवलं होतं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "मन पर क्या भारी लग रहा है?"

पेशंटचं सांगायला तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "हमारी शकुताई नहीं रहीं."