कृपया तेल लावावे

वहिनीच्या मामांइतका बिनकामाच्या वस्तूवर जीव टाकणारा माणूस अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नाही, हे मी कुठल्याही कचेरीत शपथपत्रावर लिहून द्यायला तयार आहे. मी अमरावतीत पत्रकं काढतो. बसस्थानकावरची बंद पाणपोई, वाचनालयाचं गळकं छत, शाळेसमोरचं दारूचं दुकान, असा माझा कारभार. लिहायचं, छापायचं, चौकात उभं राहून वाटायचं आणि निवेदनाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही. माणूस समाजाच्या कामाचा आहे की नाही हे मी दोन मिनिटांत ठरवतो. मामांना मी दादाच्या लग्नातच बिनकामाचं ठरवून टाकलं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. मंगलाष्टकं चालू होती, अंतरपाट धरलेला होता, आणि नवरीच्या मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं एवढं साधं काम. तर हे अंतरपाटाला वळसा घालून थेट दादापाशी आले, त्याच्या हातातली कट्यार काढून घेतली, मांडवातल्या दिव्याकडे धरून एक डोळा मिटून पाहिली आणि परत देत म्हणाले, "जावईबापू, दोष तुमचा नाही. भाड्यानं देनाऱ्याचा हाय. गंज पाहा किती चढला." गुरुजींनी त्यानंतरचं 'सावधान' जरा जोरातच म्हटलं. वहिनी अंतरपाटाच्या पलीकडून हसत होती, म्हणजे तिच्या माहेरी हे नेहमीचंच असणार.

मामा अकोल्याचे. जन्मभर सरकारी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची आणि लोखंडाला पाणी कसं द्यायचं ते शिकवलं. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, देवदर्शनाला जातात, नातवंडांच्या शाळेच्या फाटकावर उभे राहतात. मामांनी जुन्या जपानी तलवारी जमवायला घेतल्या. 'माझा संग्रह' असं ते म्हणायचे. संग्रहात नग तीन. कोलकात्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं टोक मोडलेलं आखूड पातं, दुसरं एक बिनमुठीचं पातं, आणि मूठ आणि पातं यांच्या मधे बसते तशी एक लोखंडी तबकडी, तिच्यावर पावसात उभा असलेला बगळा कोरलेला. मामी पाहुण्यांना सांगायच्या, "तीन वस्तू हायेत, पन तिन्ही मिळून एक तलवार होत नाही. अन् माह्या लग्नातला शालू त्याईनं त्या लोखंडाले गुंडाळला. माह्या अंगावर दोनदा होता, त्याच्या अंगावर सहा वर्षं झाले."

या पात्यांना लवंगेचं तेल लागतं. जपानात तेच लावतात म्हणे, पातळ पुसट हात, जास्त नाही, कमी नाही. त्यामुळे मामांच्या अंगाला, सदऱ्याला, पिशवीला, त्यांनी दिलेल्या पेढ्यालासुद्धा लवंगेचा वास. एसटीत शेजारी बसलेला माणूस मूर्तिजापूर यायच्या आत विचारणारच, "काका, दाढ दुखते का?" सुरुवातीला ते तलवारींचं समजावून सांगायचे. पण तलवार म्हटल्यावर शेजारचा उठून मागच्या सीटवर जायचा. मग ते नुसतं "हो, अक्कलदाढ" म्हणू लागले. हा एवढाच एक खोटेपणा मी त्यांच्यात पाहिला होता.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो वर्गणी मागायला. पाणपोईच्या आंदोलनाचं पत्रक हातात होतं, भाषण तयार होतं. मामांनी मला हातपाय धुवायला लावले, सतरंजीवर बसवलं, माझ्या हातातलं पत्रक घेतलं, त्याची चौघडी करून म्हणाले, "आ कर." आणि ते माझ्या दातांत दिलं. गठ्ठ्यातलं दुसरं स्वतःच्या दातांत धरलं. पातं उघडं असताना त्यावर श्वास पडू नये, थुंकीचा कण उडू नये, म्हणून तिकडे तोंडात कागद धरून बसण्याची रीत आहे. धारेलगतची, पाणी दिल्यानं उमटलेली रेघ मला दिसावी म्हणून पाऊण तास ते पातं उजेडात फिरवत राहिले. मला काही दिसलं नाही. बोलता येत नसल्यामुळे तसं सांगताही आलं नाही. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बरं झालं, या पोट्ट्याच्या तोंडाले काहीतरी लागतच होतं." वर्गणी मिळाली. पत्रकावर माझेच दात उमटले होते.

चौथी तलवार मात्र खरी होती, आणि सगळं वाईट तिच्यावरून झालं. तलवारींचे शौकीन जगभरातून जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात अशा एका संकेतस्थळावर मामांनी लोखंडाला पाणी देण्याबद्दल काहीतरी विचारलं होतं. त्याला उत्तर आलं ते जपानमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराचं. हा माणूस जन्मभर जुन्या तलवारींना दगडावर घासून झिलई द्यायचा. एकेका पात्याला महिने जायचे. आता ऐंशी ओलांडली होती, हात थरथरायला लागले होते, मूलबाळ नव्हतं. मामा मोबाइलला मराठीत सांगायचे, मोबाइल जपानीत लिहायचा, आणि तिकडून उत्तर यायचं, 'आपल्या आदरणीय तेलाचा ब्रँड कोणता?' असं दोन वर्षं चाललं. मग म्हाताऱ्यानं कळवलं की हात थांबण्याआधी शेवटचं झिलई दिलेलं पातं माझ्याजवळ आहे, दोनशे वर्षांचं आहे, ते विकायचं नाही, सांभाळायला द्यायचं आहे. पोचलं की कळवा. मामांनी हे वाचलं आणि संग्रहाबद्दल बोलणंच बंद केलं. नुसतं म्हणायचे, "येऊन राहिली."

ती मुंबईपर्यंत आली आणि कस्टममध्ये अडकली. तिकडच्या सरकारची बाहेर नेण्याची परवानगी सोबत होती, सगळे कागद होते. पण एका टेबलाचं म्हणणं हे शस्त्र आहे, परवाना आणा. दुसऱ्याचं म्हणणं ही पुरातन वस्तू आहे, वयाचा दाखला आणा. तिसऱ्यानं तिला स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांच्या रकान्यात टाकलं होतं. एका अर्जात 'वस्तूचा वापर कशासाठी' असा प्रश्न होता. मामांनी लिहिलं, 'पाहण्यासाठी.' अर्ज परत आला, नेमका वापर लिहा. मामांनी लिहिलं, 'रोज सकाळी पाहण्यासाठी.'

मी संतापलो होतो. मामा संतापले नाहीत, ते झुरू लागले. तलवार कधी सुटेल हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सहा महिने कोणी तेलाचा हात फिरवला नाही तर काय होईल, एवढंच. पावसाळा लागला तसा रोज सकाळी मला फोन. "मुंबईत आज हवेत लय ओल हाय रे." त्यांनी तेलाची बाटली, मऊ कापड आणि कसं लावायचं याची चित्रं काढून गोदामाच्या पत्त्यावर पाठवली. ती 'द्रव पदार्थ स्वीकारले जात नाहीत' असा शेरा मारून परत आली. शेवटी वरून ठरलं की वस्तू अर्जदाराच्या जिल्ह्यात पाठवावी, पोलीस ठाण्यात जमा राहील, परवान्याचा निकाल लागला की तिथून सोडवून घ्यावी. तलवार अकोल्यात आली. मामांच्या घरापासून ठाणं पायी दहा मिनिटांवर, आणि ती तिथल्या मुद्देमालाच्या खोलीत कुलुपात.

मामांनी ठाण्यात द्यायला एक अर्ज लिहिला आणि मला दाखवला. त्यात दोनच ओळी होत्या. 'तलवार सोडली नाही तरी चालेल. कृपया दर महिन्याला तेल लावावे, तेल व कापड मी आणून देईन.'

मी तो अर्ज फाडला. हे मी लपवत नाही. म्हणालो, "मामा, असं भीक मागितल्यासारखं लिहीत नसतात. हक्क मागायचा असतो."

"मले हक्क नाही पाह्यजे रे. तेल पाह्यजे."

"तुम्ही बसा. मी लिहितो."

मी लिहिलं. दीड पान. जपानमध्ये तलवार हा देव्हाऱ्यात ठेवायचा मानाचा ऐवज आहे, तिला गुन्हेगाराच्या चाकूशेजारी टाकणं हा एका प्राचीन संस्कृतीचा अवमान आहे, अशी आग ओकली. खाली पाच मागण्या. तिसरी मागणी अशी: 'सदर शस्त्र पूज्य असून त्याचा यथोचित सन्मान राखण्यात यावा.' तेलाचा उल्लेख मी गाळला. तेल फार किरकोळ वाटलं. ठाण्यात पोच घेतली, प्रती वाटल्या, एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. मामांनी ती कात्रणं वाचली आणि विचारलं, "याच्यात तेलाचं कुठी हाय?" मी म्हणालो, "ते त्यात आलंच."

परवाना दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी मिळाला. मी अमरावतीहून सकाळच्या गाडीनं गेलो. विजय माझाच होता, मला तो पाहायचा होता. ठाण्यातले हवालदारकाका मोठे अगत्याचे. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि लाकडी म्यान दोन्ही हातांवर घेऊन आले. म्यानाला झेंडूचा वाळका हार होता.

"साहेबांनी खास सांगितलं होतं," ते म्हणाले. "खंडेनवमीले आमच्या बंदुका एका टेबलावर, अन् तुमची एकटी पाटावर. ओल्या फडक्यानं साफ पुसली, हयद, कुकू, अक्षता, नारयाचं पानी शिंपडलं. तुमच्या कागदात होतं नं, सन्मान करा म्हनून." त्यांनी फाइलमधून माझं निवेदन काढून दाखवलं. तिसऱ्या मागणीखाली लाल पेनानं रेघ ओढलेली होती आणि समोर लिहिलं होतं, 'पूर्तता झाली.'

मामांनी तोंडात काही न धरता पातं बाहेर काढलं. एका बाजूला, मधोमध, पाच बोटांचे पाच डाग. कुंकू ओलं होतं तिथे लोखंड खाल्लं गेलं होतं. खाली नारळाच्या पाण्याचे ओघळ, तपकिरी, पार धारेपर्यंत. तीन आठवडे ती तशीच म्यानात होती. मामांनी पाहिलं, पातं आत सरकवलं, हवालदारकाकांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमी लय जपलं साहेब." ते टोमण्यानं बोलले नाहीत. चहा पूर्ण प्यायले.

त्यानंतर मी कितीदा तरी निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. 'जाहीर निषेध' एवढं लिहून होतं, पुढे कोणाचा ते सुचत नाही. ठाण्यातल्या माणसांनी जे केलं ते माझ्या आजोबांनी विळ्याचं केलं असतं, मी माझ्या मोटरसायकलचं करतो. मी म्हटलं, परत जपानला पाठवू, दुसऱ्या कारागिराकडून झिलई करून घेऊ. चौकशी केली तर शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, पुन्हा दाखले, पुन्हा टेबलं. आत येताना जी शस्त्र होती ती बाहेर जाताना वारसा झाली. मी पेटून उठलो. पत्रक काढतो म्हणालो.

"आता तू काही लिहू नको, बाबू," मामा म्हणाले. ते मला एवढंच बोलले. मग थोड्या वेळानं, "अन् दुसऱ्यानं घासली तं त्या म्हाताऱ्याचा हात निघून जाईन तिच्यावरून. कायले पाठवाची."

म्हाताऱ्याचा निरोप मात्र दर महिन्याला यायचा. पोचली का? मामा लिहायचे, अजून सरकारजवळ आहे. तलवार घरी आल्यावर नऊ दिवस त्यांनी उत्तरच दिलं नाही. दहाव्या दिवशी मला फोन केला, "अकोल्याले येतो का रे? मागं पांढरं कापड धराले कोनी पाह्यजे. तुही मामी धरत नाही. खोटं काम हाय म्हनते."

मी गेलो. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं. मी धोतराचं पान दोन्ही हातांनी ताणून धरलं, मामांनी डाग पडलेली बाजू कापडाकडे केली आणि चांगली बाजू उजेडात. मोबाइल हलू नये म्हणून खुर्चीच्या पाठीवर टेकवला. त्या उजेडात मला पहिल्यांदा ती रेघ दिसली, जी ते मला इतकी वर्षं दाखवत होते. धारेलगत पांढुरकी, चिखलदऱ्याच्या दरीत ढग उतरून पसरतो तशी, कुठे दाट, कुठे विरळ. एका माणसानं शेवटच्या ताकदीनं वर आणलेली. मी म्हणालो, "दिसलं, मामा." त्यांनी फोटो काढला आणि त्याच्याखाली लिहायला मोबाइलला सांगितलं, "पोचली. खुशाल आहे."

उत्तर तासाभरात आलं. मोबाइलनं वाचून दाखवलं: फोटो पाहिला, आभारी आहे, आज जेवण गोड लागेल, तेलाचा हात चांगला आहे तुमचा. बस एवढंच. जन्मभर पाती उलटीसुलटी करून पाहिलेल्या त्या माणसानं दुसऱ्या बाजूचा फोटो मागितला नव्हता.

मामांनी मोबाइल खुर्चीवर उलटा ठेवला.

"त्याले समजलं असन," ते म्हणाले.

मी कापडाची घडी घालत राहिलो.