मुकादमबाई दहाला येतात

पिंपरी पेंढारच्या जानकाबाईंच्या हाताखाली चौदा बाया. द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचं, विरळणीचं काम ही टोळी करायची आणि जानकाबाई तिच्या मुकादम. आसपासचे बागायतदार हंगामाआधीच त्यांना सांगून ठेवत.

पंचेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी त्यांच्या हातातून कात्री गळून पडली. आधी वाटलं, थंडीनं झालं असेल. पण मग रोजच झोपेतून उठल्यावर बोटं लाकडासारखी व्हायला लागली. तास-दीड तास मूठ वळायची नाही. नळ सोडता येईना, वेणी घालता येईना.

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "हा आमवात आहे," त्या म्हणाल्या. "कामानं सांधे झिजलेत असं नाही, शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटलीय. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण चुकवायची नाही. आणि रक्त तपासत राहायचं."

दोन-तीन महिन्यांत सूज उतरली. दुखणं गेलं असं वाटून जानकाबाईंनी कुणाला न विचारता गोळी बंद केली. दिवाळीत मनगटं अशी सुजली, की नवऱ्यानं, तुळशीदासनं, घास भरवला. तेव्हा त्या रडल्या. दुखण्याचं काही नव्हतं, आपल्याच हातानं हे ओढवून घेतलं याचं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बोलणी खाल्ली, गोळी परत सुरू केली. तुळशीदास भाकरी थापायला शिकला. भाकरीचे नकाशे निघत, पण पोट भरे.

विरळणी तोंडावर आली तेव्हा बागायतदार गेणभाऊ घरी आले.

"जानकाबाई, औंदा तुमी घरीच बसा. बाया तेवढ्या धाडा."

"बाया माज्या हायेत भाऊ, मी येनार. फक्त आठाला न्हाई, दहाला. सकाळचं हात माजं ऐकत न्हाईत."

"मुकादमच दहाला आल्यावर आदी कोन बगनार?"

"माजी सून बगंल, स्वप्ना. दोन दिस बगा. न्हाई पटलं तर दुसरी टोळी लावा."

दुसऱ्या दिवशी दहाला त्या बागेत शिरल्या. हात पदरात गुंडाळलेले, नजर घडांवर. चौथ्या ओळीत थांबल्या.

"स्वप्ना, हे घड लई दाट ठेवलेत. मनी फुगलं की एकमेकाला चेपत्याल, आतलं सडून जातील. ही आन मागली, दोनी वळी परत घ्या."

गेणभाऊ सकाळीच त्या ओळींतून फिरून गेले होते. त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी बायांना न्यायला आलेल्या जीपपाशी येऊन ते म्हणाले, "उद्या दहालाच ना?"

पुढच्या हंगामात आणखी दोन बागा मिळाल्या. टोळी एकवीस बायांची झाली. अजूनही एखाद्या दिवशी गुडघे धरतात. मग स्वप्ना व्हिडिओ कॉल लावते आणि जानकाबाई खाटेवरून घड तपासतात.

परवा दवाखान्यात पेठ गावची एक तरुण बाई शेजारी बसून डोळे पुसत होती.

"मावशी, हे बरं व्हतं का वो?"

"मुळातनं जात न्हाई बाई, पर ताब्यात ऱ्हातं," जानकाबाई म्हणाल्या. "मी मदीच गोळी सोडली व्हती. तू सोडू नको."

तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला. बाकावर दोन्ही तळवे टेकून त्या सावकाश उठल्या आणि आत गेल्या.