निळ्या कडांची वही

छापखान्यात कागद कापायचं यंत्र चालू असलं की मी उगाचच तिथे रेंगाळते. पातं खाली यायचं आणि मी डिझाइन केलेल्या लग्नपत्रिकांच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी अलगद बाजूला पडायची. एका कडेला पत्रिकेचा निळा रंग, बाकी कोरी, चांगला जाड कागद. कटिंग करणारे सदूकाका या पट्ट्या फेकत नसत. वर्षभर साठवायचे, डिंकाने चिकटवायचे आणि दिवाळीला माझ्या हातात एक लांबुडकी वही ठेवायचे. वाण्याच्या यादीला इतकी सोयीची, की मी दरवर्षी तिची वाट बघायचे.

एका दिवाळीला वही देताना काका म्हणाले, "ताई, तुमचा निळा रंग फार गोड. कचऱ्यातसुद्धा उठून दिसतो."

टोमणा होता की कौतुक, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. घरी येऊन वही चाळली. पानोपानी माझाच निळा. पत्रिका ऐटदार दिसावी म्हणून मी हट्टाने कागदात नीट न बसणारं जगावेगळं माप निवडायचे, त्या हट्टाची ही एवढी जाड वही झाली होती.

तेव्हापासून पहिली रेघ ओढण्याआधी काकांना फोन करते, "कागद केवढा आहे?" त्यांनी सांगितलेल्या मापात बसेल अशी पत्रिका थोडी आखूड करते. एकाही नवरीच्या ते लक्षात आलेलं नाही.

यंदा दिवाळीला गेले, तर काकांनी रिकामे हात दाखवले आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले.

"वही नाही झाली, ताई. तुम्ही काही उरवलंच नाहीत."