मागच्या रेषेचा मान

तुम्ही ज्याला समान संधी म्हणता, तिची रेषा कुणी आखलेली असते?

बारावीत असताना मला हा प्रश्न पडलाच नव्हता. घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा बाबांच्या भारतातल्या जुन्या युनियनची पत्रकं जास्त, त्यामुळे उत्तरं तेवढी तोंडपाठ होती.

२००८ची मंदी आली आणि शारजात, अल नहदामधल्या आमच्या इमारतीशेजारचं बांधकाम थांबलं. कोकणातले कामगार एकेक करून घरी निघाले. परांची बांधणारे एक पन्नाशीचे काका रविवारी जाणार होते. "जाण्याआधी एकदा शर्यत जिंकायचीय रे," ते म्हणाले. "शाळेपासून लोकांच्या पाठीच बघतोय."

शुक्रवारच्या सुट्टीत मोकळ्या वाळूत मी आणि उरलेले कामगार जमलो. मी चुन्याची एक रेषा मारली आणि गरजलो, "सगळे समान!"

पंच म्हणून आलेले आमचे ब्रिटिश पीटी सर ती एकच रेषा बघून हसले आणि एक गोष्ट सांगू लागले. त्यांचे आजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणीत राबायचे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यती धावायचे. तिथे हळू पळणारा पुढून निघे, वेगवान मागून. आजोबा कायम सगळ्यांत मागून निघत. तो त्यांचा मान होता. पुढे, बक्षिसाचे पैसे घेतले म्हणून हौशी साहेबलोकांच्या शर्यती त्यांना बंद झाल्या. साहेबांना काय, पोटासाठी पळावं लागतच नव्हतं! मी पेटलो. पायानेच रेषा पुसली आणि सगळ्यांना ही गोष्ट मराठीत सांगितली.

लगेच घासाघीस सुरू झाली.

"माझा गुडघा बघा, मला दहा पावलं पुढे!"

"गुडघा? परवा पाण्याची वीस लिटरची बाटली खांद्यावर घेऊन पाच जिने चढलास की!"

काका तेवढे फुगून बसले. "मला दया नको."

"दया कसली, काका? वीस पावलं देऊनही मीच जिंकणार," मी म्हणालो.

"अस्सं? यल्ला, चल, बघतोच तुला!"

मी जीव तोडून धावलो. बाकीचे मागे पडले, काकांचा घाम दिसू लागला, आणि अर्ध्या हाताच्या फरकाने साइटवरची लाल-पांढरी पट्टी त्यांच्या छातीवर तुटली.

वाळूत बसून ते धापा टाकत म्हणाले, "खरं सांग, मुद्दाम हरलास?"

मी प्रश्न इंग्रजीत करून सरांकडे ढकलला. सरांनीच जोरात मान हलवली: नाही. तेव्हा कुठे काका खदखदून हसले.

तुमच्या सोसायटीत क्रीडादिन होतो ना? यंदा रखवालदाराला आणि सफाईवाल्या मावशींना नुसत्या टाळ्या वाजवायला नका बोलावू, पळायला बोलवा. त्यांना पुढून निघू द्या, आणि मागून अगदी खरं धावा.